प्री-मेड मुलांवर कॉलेजची कारवाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कोणीतरी हळूच बाजूला घेतं, "ताई, जरा खासगी बोलायचं होतं." पुढे काय येणार ते मला आता चेहऱ्यावरूनच कळतं. मी अकरा वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी-आचार कार्यालयात काम केलं, म्हणजे ज्या कार्यालयातून ती भीतिदायक पत्रं जातात, तिथेच. मी वकील नाही. पण तेच तेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर येत राहतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. प्रश्न आईवडिलांचा असेल तिथे 'तुम्ही', मुलांचा असेल तिथे 'तू'.

१. नात प्री-मेड आहे म्हणतात. म्हणजे मेडिकलला ॲडमिशन झालीच ना? मग आता कारवाई कसली?

पुण्याहून एका आजोबांनी विचारलेला प्रश्न, आणि गोंधळ अगदी रास्त आहे. आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, ती बायोलॉजीत घ्या नाहीतर इतिहासात. त्यात केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्सचे ठरावीक कोर्स करायचे, एमकॅट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा द्यायची आणि मग मेडिकलसाठी अर्ज करायचा. या वाटेवरच्या विद्यार्थ्याला प्री-मेड म्हणतात. तो काही वेगळा कोर्स नाही, त्याची सीट नाही. म्हणजे कारवाई करतं पदवीचं कॉलेज, पण ती गोष्ट पुढे मेडिकलच्या अर्जात सांगावी लागते. खरी धास्ती तिथे आहे (प्रश्न १२).

अपवाद एक: शाळेनंतर थेट मिळणारे बीएस-एमडी जोडकोर्स, म्हणजे पदवी आणि मेडिकल एकत्र. त्यात मेडिकलची जागा राखीव असते, पण सहसा गुणांची आणि वर्तनाची अट घालून. तिथे साधं प्रोबेशनसुद्धा (म्हणजे काही काळ नजरेखाली ठेवण्याची शिक्षा) ती जागा घालवू शकतं. ॲडमिशनचं मूळ पत्र शोधून काढा आणि ती अट शब्दशः वाचा.

२. कशाकशासाठी कारवाई होते?

ढोबळ दोन खाती. पहिलं अभ्यासातल्या अप्रामाणिकपणाचं: परीक्षेत कॉपी, लॅब रिपोर्ट मिळून लिहिणं, इंटरनेटवरून उत्तरं उचलणं, एआयकडून निबंध लिहून घेणं. दुसरं वर्तनाचं: एकवीसच्या आत दारू, डॉर्ममध्ये (कॉलेजच्या वसतिगृहात) गांजा, मारामारी, धमकी. लैंगिक छळाच्या तक्रारींची वाट वेगळी, ती प्रश्न १८ मध्ये.

प्री-मेड मुलं जास्त करून पहिल्या खात्यात येतात, आणि त्यातही ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि लॅब रिपोर्टवरून. माझ्या पाहण्यात ठरवून फसवणूक करणारी मुलं थोडी होती. रात्री दोन वाजता पार्टनरचा रिपोर्ट 'फक्त बघायला' मागणारी पुष्कळ. शिक्षा म्हणजे लेखी ताकीद, त्या कामाला शून्य, कोर्समध्ये एफ, प्रोबेशन, एक-दोन सेमिस्टर सस्पेन्शन, आणि शेवटी हकालपट्टी.

३. विद्यापीठाचा ईमेल आलाय, 'भेटायला ये'. मुलाने लगेच उत्तर पाठवून माफी मागितली तर मिटेल ना?

थांबवा त्याला. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ईमेल बहुधा शुक्रवारी दुपारी येतो. मूल घाबरतं, आईवडिलांना सांगत नाही, आणि रात्री पावणेबाराला प्रोफेसरला तीन परिच्छेद लिहितं: मला खूप वाईट वाटतंय, माझ्या घरी अडचण होती, आमच्या ग्रुपमध्ये सगळेच असं करतात, प्लीज माझं करिअर वाचवा. सोमवारी सकाळी तो ईमेल आमच्याकडे यायचा. आम्ही तो छापून फाइलमध्ये पहिल्या पानावर लावायचो. मूळ आरोप एका प्रश्नाच्या उत्तराबद्दल असायचा. या ईमेलने सगळ्या सेमिस्टरची आणि चार मित्रांची कबुली दिलेली असायची.

पाठवायचं ते एवढंच: ईमेल मिळाला; आरोप कोणत्या नियमाखाली आहे ते कळवावं; पुरावे पाहायला मिळावेत; भेटीआधी सल्ला घ्यायला थोडे दिवस हवेत. चार ओळी, नम्र, मुलाच्या स्वतःच्या कॉलेज ईमेलवरून. मात्र उत्तर न देता गप्प बसणंही धोक्याचं आहे. मुदत टळली की त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो.

मग तीन पथ्यं. काहीही डिलीट करायचं नाही; गूगल डॉकची जुनी आवृत्ती, चॅट, हातची कच्ची टिपणं, सगळं तसंच राहू दे. वर्गातल्या कोणाशीही त्या विषयावर मेसेज नाही; 'तू काय सांगणार आहेस?' हा प्रश्नसुद्धा साक्षीदाराला शिकवणं ठरू शकतो. आणि जे घडलं ते तारीखवार कागदावर लिहून ठेवायचं, फक्त आपल्या वकिलासाठी. आज जे लिहिलं जाईल आणि दोन वर्षांनी मेडिकलच्या अर्जात जे लिहिलं जाईल, ते एकच असायला हवं. फरक सापडला की मूळ चूक बाजूला राहते आणि खोटेपणा उरतो.

४. फी आम्ही भरतो, पण विद्यापीठ आमच्याशी एक शब्द बोलत नाही. असं कसं?

१९७४ चा फर्पा नावाचा केंद्रीय कायदा. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, पालकांचा राहत नाही. फी कोण भरतं याला महत्त्व नाही. मूल तुमच्या टॅक्स रिटर्नवर अवलंबून दाखवलेलं असेल तर विद्यापीठ तुम्हाला माहिती देऊ *शकतं*, पण तसं बंधन नाही. सोपा उपाय म्हणजे मुलाने संमतीपत्र भरून देणं. ते बहुतेक विद्यापीठांच्या पोर्टलवर असतं.

याच कायद्याने मुलाला आपली फाइल पाहायचा हक्क दिलाय. लेखी मागणी केल्यावर ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागते. हिअरिंग (आरोपाची सुनावणी) त्याआधी असेल तर विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमावलीत पुरावे कधी दाखवायचे ते लिहिलेलं असतं. त्या कलमाचा आकडा देऊन मागा.

आणि एक विनंती. डीनला स्वतः फोन करू नका. "आम्ही दोघंही इंजिनिअर आहोत, आमच्या घरात असं होत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. त्याने मुलाचं काही भलं झालेलं पाहिलं नाही.

५. वकील घ्यायलाच हवा का? मावसभाऊ ठाण्याला वकील आहे, त्याच्याकडून लिहून घेतलं तर?

सस्पेन्शन किंवा हकालपट्टीची शक्यता असेल, पोलिसांचा संबंध असेल, लैंगिक छळाची तक्रार असेल किंवा मूल व्हिसावर असेल, तर घ्या, आणि पहिल्या भेटीच्या आधी घ्या. पहिल्यांदाच झालेला लॅब रिपोर्टचा घोळ असेल, पत्रातच शिक्षा कामाला शून्य एवढी म्हटली असेल, तर एक तासाचा सल्ला बऱ्याचदा पुरतो. पण तो तासही चुकवू नका. त्या 'छोट्या' शिक्षेचं मेडिकलच्या अर्जात काय होईल, हे कॉलेजात तुम्हाला कोणी सांगणार नाही.

मावसभाऊ धीर देईल, जरूर बोला. पण अमेरिकेत वकिलीचा परवाना राज्याराज्यानुसार असतो आणि विद्यापीठाचं प्रकरण त्या राज्याच्या कायद्यावर चालतं. महाराष्ट्र मंडळातल्या ज्या वकिलांनी घराचे कागद केले किंवा ग्रीन कार्डचं काम केलं, त्यांचाही हा विषय नसतो. 'एज्युकेशन लॉ' किंवा विद्यार्थी-शिस्तीची कामं करणारा हवा. त्याला विचारा: याच विद्यापीठात आधी काम केलंय का? तिथे तुम्हाला बोलू देतात का? अपील फीमध्ये धरलंय की वेगळं? मेडिकल अर्जातला मजकूर तपासून द्याल का? चौथ्या प्रश्नावर जो अडखळतो तो प्री-मेडसाठी योग्य नाही. 'नक्की सोडवतो' अशी हमी देणाऱ्यापासून दोन हात लांब.

पैशाची अडचण असेल तर बऱ्याच सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा-सल्ला केंद्र असतं. पण ते विद्यापीठाच्याच पैशावर चालतं, त्यामुळे विद्यापीठाच्या विरुद्धची प्रकरणं अनेकदा घेत नाही. आधी विचारून घ्या.

६. वकील हिअरिंगमध्ये माझ्या वतीने बोलेल ना?

बहुतेक ठिकाणी नाही. नियमात 'ॲडव्हायझर' आणता येईल असं असतं, पण त्याने शेजारी बसून चिठ्ठी द्यायची, कानात सांगायचं, बस. बोलायचं तुलाच. भरपूर फी घेतलेला वकील दोन तास कुंडीतल्या रोपासारखा बसलेला मी पाहिला आहे. त्याचं काम आधीच झालेलं असतं: निवेदन घासूनपुसून घेणं, प्रश्नांची तयारी करून घेणं.

अपवाद आहेत. नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ मध्ये कायदा करून तिथल्या सरकारी विद्यापीठांत वकिलाला पूर्ण भाग घेऊ दिला, पण अभ्यासातली अप्रामाणिकता त्यातून वगळली. म्हणजे प्री-मेड मुलं ज्यात सर्वाधिक अडकतात तेच बाहेर! नॉर्थ डकोटाने २०१५ मध्ये असाच कायदा केला. लैंगिक छळाच्या हिअरिंगचे नियम निराळे (प्रश्न १८).

७. हिअरिंग कोर्टासारखं असतं का? मला झोप लागत नाहीये.

कोर्टासारखं काहीच नसतं, आणि तीच मेख आहे. एक बिनखिडकीची बैठकीची खोली डोळ्यांसमोर आण. लांब टेबल, पलीकडे दोन प्राध्यापक आणि एक विद्यार्थी-सदस्य, प्रत्येकापुढे तीच फाइल, रंगीत चिकटपट्ट्या लावलेली. मध्ये रेकॉर्डर आणि टिश्यूचा डबा. तो डबा मीच भरून ठेवायचे. कोणी आवाज चढवत नाही, "तुझ्या शब्दांत सांग" असं प्रेमाने विचारतात. मुलं त्या प्रेमळ सुराला भुलून वाहवत जातात.

पुराव्याची पट्टी फौजदारी कोर्टाच्या मानाने फार खाली असते. 'संशयातीत' वगैरे नाही, बहुतेक ठिकाणी पारडं निम्म्याहून जरा जरी झुकलं तरी दोषी. ऐकीव गोष्टीही चालतात. म्हणून छोटी, खरी, पुराव्याला धरून उत्तरं दे. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस. मराठी घरातलं आणखी एक पाहिलंय: मोठ्यांसमोर मान खाली घालून "हो सर, हो सर" म्हणायची सवय. तिथे ती कबुली म्हणून लिहिली जाते. जे पटत नाही त्याला शांतपणे "नाही, असं झालं नाही" म्हणायचा घरी सराव कर.

८. सरकारी आणि खासगी विद्यापीठात काही फरक पडतो का?

खूप. सरकारी विद्यापीठ म्हणजे सरकारच, त्यामुळे राज्यघटनेने दिलेला न्याय्य प्रक्रियेचा हक्क तिथे लागू होतो. याचा पाया १९६१ च्या डिक्सन खटल्यात आहे. अलाबामातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वंशभेद पाळणाऱ्या उपाहारगृहात बसून निषेध केला आणि कॉलेजने त्यांना काही न विचारता काढून टाकलं. अपील कोर्टाने सांगितलं, सरकारी कॉलेजला आधी नोटीस आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागेल. आज तुमच्या मुलीच्या हातात आरोपपत्र पडतं ते त्या मुलांमुळे.

पण १९७८ च्या होरोवित्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक रेघ ओढली: मेडिकलच्या विद्यार्थिनीला *अभ्यासात कमी* म्हणून काढलं तर औपचारिक हिअरिंगची गरज नाही. गैरवर्तन वेगळं, नापासी वेगळी. म्हणून पत्रात कारवाई 'शिस्तीची' म्हटली आहे की 'शैक्षणिक', ते आधी पाहा.

खासगी विद्यापीठावर राज्यघटनेचा हा हक्क चालत नाही. तिथे तुमचं शस्त्र म्हणजे त्यांची स्वतःची विद्यार्थी-पुस्तिका. अनेक राज्यांत कोर्टं तिला करार मानतात. विद्यापीठाने आपलाच नियम मोडला तर बोलायला जागा असते. प्रवेशाच्या वर्षाची पुस्तिका डाउनलोड करून ठेवा, नियम दरवर्षी बदलतात.

९. निबंध मी स्वतः लिहिला, पण सॉफ्टवेअर म्हणतंय एआयने लिहिला. कसं सिद्ध करू?

असे प्रश्न आता दर आठवड्याला येतात. उचलेगिरी तपासणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरने एआय ओळखणारी सोय एप्रिल २०२३ मध्ये आणली. त्याच ऑगस्टमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने भरवसा नाही म्हणून ती बंद केली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांना तर असं दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा यंत्रांनी एआयचे ठरवले. भारतात शिकून गेलेल्या मुलांनी हा मुद्दा जरूर मांडावा.

पण यंत्र चुकतं एवढं म्हणून भागत नाही. तुझ्याकडे वाटचाल दाखवता यायला हवी: गूगल डॉकची आवृत्ती-यादी, लायब्ररीतून घेतलेली पुस्तकं, वहीतली टिपणं, याच प्राध्यापकाकडचे तुझे जुने निबंध. समोर बसून त्या विषयावर बोलायची तयारी दाखव. ग्रामरली (इंग्रजी सुधारून देणारं सॉफ्टवेअर) वापरलं असेल तर आधीच सांग; त्यातली वाक्यं बदलून देणारी सोयही काही प्राध्यापक एआय धरतात. सिलॅबसमध्ये काय लिहिलंय ते बघ.

१०. पुरावा म्हणजे कंप्युटरचा लॉग आहे. त्याच्यापुढे काय बोलणार?

पुष्कळ. २०२१ मध्ये डार्टमथच्या गायझेल मेडिकल स्कूलने १७ विद्यार्थ्यांवर परीक्षेत कॉपीचा आरोप ठेवला. आधार होता कॅनव्हास या अभ्यासाच्या ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदींचा: परीक्षा चालू असताना त्यांच्या खात्यांतून अभ्यासाची पानं उघडली गेली होती. तंत्रज्ञांनी दाखवून दिलं की खिशातला फोन किंवा घरचा लॅपटॉप लॉगिन असला तर त्या नोंदी आपोआपही पडू शकतात. जूनमध्ये सगळे आरोप मागे घेतले गेले आणि डीननी माफी मागितली. तेव्हा गोषवारा नको, मूळ लॉग मागा, आणि तो वाचता येणारा माणूस शोधा. आपल्या लोकांत असा माणूस सापडायला तरी अडचण नसावी!

चेगचं, म्हणजे पैसे भरून प्रश्नांची उत्तरं मिळणाऱ्या साइटचं, मात्र वेगळं. विद्यापीठाने चौकशी सुरू केली की चेग प्रश्न कोणी टाकला, उत्तर कोणी पाहिलं, कोणत्या ईमेलवरून आणि किती वाजता, हे देऊ शकतं. आईच्या क्रेडिट कार्डावरचं खातं म्हणून लपत नाही. तिथे 'मी नव्हेच' म्हणणारी मुलं हिअरिंगमध्ये फार वाईट पडतात.

११. खरंच कॉपी केली आहे. कबूल करू?

खोटं बोलू नकोस, हे तर आहेच. पण कबुली कशाची, किती, आणि कोणत्या कागदावर, हे वकिलाला विचारूनच. बऱ्याच ठिकाणी पहिल्या भेटीतच एक फॉर्म पुढे करतात: जबाबदारी मान्य, सौम्य शिक्षा, प्रकरण इथेच बंद. तो अनेकदा चांगलाच सौदा असतो. फक्त सही करताना बहुधा तू हिअरिंग आणि अपील दोन्ही सोडतोस, आणि 'बंद' म्हणजे कॉलेजपुरतं बंद. मेडिकलच्या अर्जासाठी ती कारवाईच. आरोप तीन असतील आणि खरा एकच असेल, तर एकच मान्य कर. शब्दही बघ: 'परवानगी नसताना मिळून काम' आणि 'फसवणूक' यांत पुढे वाचणाऱ्याला जमीनअस्मानाचा फरक वाटतो.

हार्वर्डला २०१२ मध्ये एका घरी सोडवायच्या परीक्षेवरून सव्वाशेच्या आसपास विद्यार्थ्यांची चौकशी झाली, निम्म्याहून अधिक जणांना काही काळ कॉलेज सोडावं लागलं. त्यातल्या अनेकांचं म्हणणं होतं की नोट्स वाटून घेणं त्या वर्गात सर्रास चालायचं. 'सगळेच करतात' हा बचाव नाही, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

१२. फक्त ताकीद मिळाली, ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) काहीच नाही. तरी मेडिकलच्या अर्जात सांगायचं?

हो. एमडी ही अमेरिकेतली डॉक्टरकीची नेहमीची पदवी; ती देणाऱ्या बहुतेक कॉलेजांचा सामाईक अर्ज म्हणजे ॲम्कास. त्यात सरळ प्रश्न आहे: अभ्यासातल्या कामगिरीवरून किंवा वर्तनावरून तुमच्यावर कधी संस्थेने कारवाई केली का? शिक्षण खंडित झालं नसलं तरी 'हो'. नोंद ट्रान्सक्रिप्टवर नसली, नंतर काढून टाकली किंवा पुसली गेली, तरी 'हो'. पुसून घेतल्याचा फायदा इतरत्र, नोकरीच्या चौकशीत वगैरे होऊ शकतो, इथे नाही. टेक्साससाठी टीएमडीएसएएस, डीओ (ऑस्टिओपॅथीची डॉक्टरकीची पदवी) कॉलेजांसाठी एएकॉमस, या अर्जांचे प्रश्न स्वतंत्र आहेत. शब्द वेगळे असल्याने प्रत्येक प्रश्न नव्याने वाचायचा.

खरा संशय असा येतो: प्राध्यापकाने कार्यालयाला न कळवता आपल्या पातळीवर गुण कापले, ती 'संस्थेची कारवाई' का? किंवा डॉर्मच्या मॉनिटरने तोंडी दम दिला ती? इथे अंदाज नको. विद्यार्थी-आचार कार्यालयाला ईमेल करून विचारा, "माझ्या नावावर नोंद आहे का, आणि तुम्ही तिला संस्थेची कारवाई मानता का?" लेखी उत्तर जपून ठेवा. आमच्याकडे असे ईमेल मे महिन्यात, अर्ज खुले झाले की, ढिगाने यायचे. उत्तर द्यायला आम्हाला कधी जड वाटलं नाही.

लपवलेलं कळेल कसं? शिफारसपत्रातून, मेडिकलकडे जाणाऱ्यांची शिफारस करणाऱ्या कॉलेजच्या प्री-हेल्थ समितीच्या पत्रातून, नंतर मागवलेल्या कागदांतून. फसवणुकीचा संशय आला तर ॲम्कास चौकशी करून अहवाल मेडिकल कॉलेजांना पाठवतं. लेखी ताकीद असलेली मुलं मेडिकलला गेलेली मी ओळखते. ताकीद लपवून सापडलेलं एकही गेलेलं मला माहीत नाही.

शिक्षा म्हणून एफ मिळाला असेल तर आणखी एक: कोर्स पुन्हा करून ए आणला तरी ॲम्कास सरासरीत दोन्ही धरतं, कॉलेजने जुना गुण पुसला असला तरी.

१३. ॲम्कासमध्ये 'हो' म्हटल्यावर खुलाशाच्या चौकटीत लिहायचं काय?

जागा १३२५ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. रडगाण्याला ती कमी आहे, हेच बरं.

मुलं सुरुवात करतात, "एका दुर्दैवी गैरसमजामुळे मला…" आणि वाचणारा तिथेच भुवई उंचावतो. त्याऐवजी साधं: दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीच्या लॅब रिपोर्टमध्ये मी पार्टनरने लिहिलेली चर्चा जवळपास तशीच वापरली, कॉलेजने परवानगी नसताना मिळून काम केल्याबद्दल मला जबाबदार धरलं, कामाला शून्य आणि एक सेमिस्टर प्रोबेशन, प्रोबेशन अमुक महिन्यात पूर्ण, त्यानंतर मी रिपोर्ट दोन दिवस आधी लिहायला बसतो आणि पुढच्या वर्षी त्याच लॅबमध्ये शिकवणी-सहायक होतो. काय झालं, काय शिक्षा, मग काय बदललं. तारखा आणि नियमाचं नाव निकालपत्रातून जसंच्या तसं घ्या. निकालपत्र हरवलं असेल तर फर्पाखाली प्रत मागा (प्रश्न ४).

१४. अर्ज पाठवून झाला आणि मग डॉर्ममध्ये बिअर सापडली.

ॲम्कासच्या नियमाप्रमाणे उत्तर बदलत असेल तर ज्या ज्या मेडिकल कॉलेजांत अर्ज केलाय त्यांना घटना घडल्यापासून दहा कामाच्या दिवसांत कळवायचं. नुसता आरोप आहे, निकाल नाही, तेव्हा घड्याळ सुरू झालं का, हे वकिलाला विचार. ॲडमिशन मिळाल्यावर घडलं तरी मेडिकल कॉलेजच्या पत्रातली अट बघावी लागते. प्रवेश मागे घेता येतो.

१५. निकालाआधीच कॉलेज बदललं तर प्रश्नच मिटला ना?

मिटत नाही. बरीच विद्यापीठं ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवतात, किंवा विद्यार्थी गेल्यावरही हिअरिंग घेतात. न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या कायद्याप्रमाणे हिंसक स्वरूपाच्या आरोपांत 'आरोप प्रलंबित असताना सोडलं' असा शेराच ट्रान्सक्रिप्टवर मारतात. तिथे सस्पेन्शनचा शेरा काढायचा अर्ज शिक्षा संपल्यावर वर्षानंतर करता येतो, हकालपट्टीचा शेरा निघत नाही. शिवाय मेडिकलच्या अर्जात सगळ्या कॉलेजांची ट्रान्सक्रिप्ट लागतात, त्यामुळे जुनं कॉलेज मागे राहत नाही.

१६. मुलगा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. सस्पेन्शनने व्हिसा जाईल?

व्हिसापेक्षा 'स्टेटस'चं, म्हणजे अमेरिकेत राहायच्या कायदेशीर दर्जाचं बघा. सस्पेंड झालेला विद्यार्थी पूर्णवेळ शिकत नसतो, मग विद्यापीठाला सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी प्रणालीत त्याची नोंद बंद करावी लागते, आणि अशा वेळी देश सोडायला वाढीव दिवस मिळत नाहीत. पदवी पूर्ण झाल्यावर मिळणारे ६० दिवस इथे नाहीत. आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या परवानगीने आधीच कोर्स सोडला तर १५ दिवस मिळतात. त्यामुळे दोन वकील लागतात, शिस्तीचा आणि इमिग्रेशनचा, आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला हवं. सस्पेन्शन कोणत्या तारखेपासून, हे कधीकधी मागून घेता येतं: चालू सेमिस्टर पूर्ण करून मग.

आपल्याकडे यात एक गट सहज विसरला जातो: लहानपणी एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आलेली, इथेच वाढलेली मुलं. आईवडिलांच्या ग्रीन कार्डची रांग संपत नाही आणि एकविसाव्या वर्षी त्यांना एफ-१ वर जावं लागतं. ती स्वतःला परदेशी विद्यार्थी समजतच नाहीत. सस्पेन्शनच्या पत्रानंतर चौथ्या दिवशी त्यांना कळतं.

१७. पोलिसांतही तक्रार आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट सांगावी का?

आधी कुठेच सांगू नका. विद्यापीठात दिलेलं निवेदन फौजदारी खटल्यात मागवता येतं. कोर्टात गप्प राहायचा हक्क आहे. कॉलेजात गप्प राहिल्यास समोर असेल त्या पुराव्यावर निकाल लागू शकतो. या कात्रीतून वाट काढणं हे फौजदारी वकिलाचं काम. हिअरिंग पुढे ढकलायची लेखी विनंती तोच करेल. कोर्टाने सोडलं म्हणजे कॉलेजने सोडलं असं होत नाही, पुराव्याची पट्टी वेगळी आहे (प्रश्न ७).

१८. टायटल नाइनचं पत्र आलंय. हे काय असतं?

शिक्षणात लिंगाधारित भेदभावाला मनाई करणारा १९७२ चा केंद्रीय कायदा. लैंगिक छळाच्या तक्रारी त्याखाली चालतात. प्रक्रियेचे नियम सरकारागणिक बदलत आले. २०२४ चे नवे नियम जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतल्या फेडरल कोर्टाने रद्द ठरवले आणि २०२० चे पुन्हा लागू झाले. त्यांच्याप्रमाणे कॉलेजला प्रत्यक्ष हिअरिंग घ्यावं लागतं, आणि उलटतपासणी दोन्ही बाजूंचे ॲडव्हायझर करतात. स्वतःचा नसेल तर विद्यापीठ देतं. म्हणजे इथे वकील बोलतो. तक्रार करणारी तुमची मुलगी असली तरी हे सगळे हक्क तिलाही तितकेच. तो फोन मला जास्त वेळा यायला हवा होता.

१९. निकाल विरुद्ध लागला. पुढे?

अपील. मुदत तुटपुंजी असते, कुठे पाच दिवस, कुठे दहा. 'निकाल अन्यायाचा आहे' हे सहसा कारण धरत नाहीत. चालतात ती अशी: प्रक्रियेत असा दोष की त्याने निकाल फिरला असता, आधी मिळूच शकत नव्हता असा नवा पुरावा, निर्णय घेणाऱ्याचा पक्षपात, चुकीच्या मानाने अवाजवी शिक्षा. प्री-मेडसाठी शेवटचं फार कामाचं, पण 'माझं डॉक्टर व्हायचं स्वप्न मोडेल' हे त्यात लिहू नका. समितीतल्या प्राध्यापकांच्या मनात लगेच उलट येतं: मग डॉक्टरने तरी प्रामाणिक असावं.

कोर्ट त्यानंतर. तिथे वर्षं जातात आणि कोर्टं विद्यापीठाच्या शैक्षणिक निर्णयात हात घालायला नाखूश असतात.

२०. इथलं सोडून भारतात एमबीबीएस करता येईल का?

नीट-यूजी द्यावीच लागते, एनआरआय कोट्यालाही. बारावीच्या पातळीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पुन्हा. वीस वर्षांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलाला तो अभ्यास झेपेल का, हे त्यालाच विचारा, त्याच्या वतीने काकांना नको.

२१. कागद तुम्हाला पाठवले तर बघाल का?

नाही. मन मोकळं करायला फोन करा, पण कागद पाठवू नका. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. माझ्याशी झालेल्या बोलण्याला नाही. उद्या खटला उभा राहिला तर तुमचे ईमेल माझ्याकडून मागवता येतील. हेच तुम्हालाही लागू आहे. मुलाने वकिलाला लिहिलेल्या ईमेलमध्ये आई, बाबा, मामा सगळ्यांना कॉपी केलं तर ती गोपनीयता मोडू शकते. वकिलाच्या भेटीला जाताना सोबत जरूर जा, डबा न्या, पण बोलणं सुरू झालं की तो सांगेल तेव्हा बाहेर गाडीत बसा.

आणि 'अमक्याच्या मुलाचं असंच झालं होतं ना?' असं मला विचारू नका. मी सांगणार नाही.